सरांच्या संत्र्यावरची जंबेरी

मी डूख धरणारी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला क्षमेचे गोडवे ऐकवायला नको. आई म्हणायची, "इले एकदा काही लागलं का हे मरेपर्यंत इसरत नाही." खरं आहे. मी यवतमाळच्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि एका इंग्रजी क्रियापदापायी मी एका माणसावर तीस वर्षं दात धरून होते. क्रियापद आहे ग्राफ्ट. माणूस म्हणजे ते क्रियापद मला शिकवणारे सर.

ग्राफ्टचा अर्थ सोपा आहे. एका झाडाचा जिवंत तुकडा कापून दुसऱ्या झाडाच्या अंगात असा बसवायचा की दोघांचं मिळून एक झाड व्हावं. आपण त्याला कलम करणं म्हणतो. भाजलेल्या जागी डॉक्टर मांडीची कातडी लावतात, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद. आमच्या घरात तो शब्द नव्हता, पण काम तेच होतं. माझे बाबा संत्र्याचे डोळे भरायचे.

संत्र्याचं बी लावून कोणी बाग करत नाही. जंबेरीचं रोप लावतात. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं, ओबडधोबड, दात आंबवणारं लिंबू, पण त्याची मुळं दणकट. तो झाला खुंट. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला छोटा छेद द्यायचा, साल दोन्हीकडून हलकेच उचलायची आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरून काढलेला एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतात असलेला कोंब, आत सरकवून वरून पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. खाली जंबेरी राहते, वर संत्रं वाढतं. बाबा डावखुरे होते, त्यामुळे त्यांची पट्टी इतरांच्या उलट दिशेनं गुंडाळलेली असायची. आणि काढलेला डोळा साल उचलेपर्यंत ते ओठांत धरून ठेवायचे. डोळ्याला वारा लागता कामा नये, असं म्हणायचे. हे सगळं मी त्यांच्याजवळ बसून शिकले. मुलीला कशाला शिकवता, असं शेजारचे म्हणत. बाबा तोंडात डोळा असल्यामुळे उत्तर देत नसत.

नववीत धड्यात तो शब्द आला. सर आमचे वर्गशिक्षक, आणि त्यांना तास रंगवायची भारी हौस. "अरे, आपल्याकडे तर ग्राफ्टिंग करणारा माणूसच आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावून घेतलं. बाबा धुतलेला सदरा घालून आले. चपला दाराशी काढल्या. एका हातात डब्यात लावलेलं जंबेरीचं रोप, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली संत्र्याची काडी. पोरीच्या शाळेनं आपल्याला मान दिला असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी टेबलावर रोप ठेवलं, छेद दिला, डोळा काढला आणि नेहमीसारखा ओठांत धरला. नेमकं तेव्हाच सरांनी विचारलं, तेही इंग्रजीत, की ग्राफ्ट म्हणजे काय ते मुलांना सांगा. बाबांना प्रश्न कळला नाही. तोंडात डोळा, त्यामुळे काय म्हणालात असंही विचारता येईना. ते नुसतं "उं?" म्हणाले. वर्ग खिदळला. सरांनी वर्गाकडे पाहून डोळे मिचकावले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, एकेक शब्द तोडून, हळू. बाबा पुन्हा "उं?" म्हणाले. आता बाकं वाजायला लागली. बाबाही हसले. सगळे हसतायत म्हणून हसले. हसताना ओठांतला डोळा खाली पडला. काडीवर तेवढाच एक कामाचा डोळा उरला असावा, कारण बाबा गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या बाकाखाली, मुलींच्या पायांशी, तो शोधायला लागले. त्या बाकावर मी होते. मी पाय वर घेतले.

घरी आईनं विचारलं, कसं झालं. बाबा म्हणाले, "मास्तरनं पुढं उभं केलं होतं. पोरं लय हासली, खुश झाली."

"पोरं तुमच्यावर हासली," मी म्हटलं.

"हासू दे ना. त्यात काय झिजलं माह्यं?" असं म्हणून ते जेवायला बसले. भाकरी मात्र एकच खाल्ली.

त्या दिवशी मी ठरवलं. ज्या कामावरून या सरांनी माझ्या बापाला चारचौघांत गुडघ्यांवर आणलं, त्याच कामावरून चारचौघांत सरांची मान खाली घालायची. कशी ते माहीत नव्हतं. मला घाई नव्हती.

आणि बाबांचं पाहा. त्याच हिवाळ्यात ते सायकल काढून सरांच्या घरी जायला लागले. एक हिवाळा नाही, दोन. मी रागानं लाल व्हायची. "तुम्ही कायले जाता त्याच्या दारात?"

"मास्तरले अंगणात झाड पाह्यजे," ते म्हणायचे. "चांगला माणूस हाय थो."

सरांच्या अंगणात एक संत्रं उभं राहिलं. आमच्या राळेगावकडे जिकडेतिकडे कापूस आणि सोयाबीन, संत्र्याच्या बागा मोजक्याच, त्यामुळे भर गावातल्या त्या झाडाचं कौतुक फार. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हे माझ्या हातचं कलम आहे." मी स्वतः ऐकलंय. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबा गेले. सर भेटायला आले, पाच मिनिटं बसले, चांगला माणूस होता म्हणाले आणि गेले. त्या वर्षी त्यांच्या झाडाला पहिला भरघोस बहार आला होता. तेव्हापासून दर जानेवारीत एका रविवारी ते जुन्या सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना घरी बोलवायला लागले. झाडाखाली सतरंजी, टोपल्यात संत्री आणि मध्ये सर, आपण हे झाड कसं लावलं, कसं जपलं ते सांगत बसलेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी दर वर्षी पाहिला. होय, मी जायची. एकदाही चुकवलं नाही. दात धरायचा तर माणूस नजरेसमोर लागतो.

एम.ए. करताना मी ग्रंथालयात जाडजूड कोश उघडून त्या क्रियापदाचं कूळ काढलं. भांडण असलेल्या माणसाचं घर पाहून ठेवावं, तसं. ग्रीक भाषेत लिहिणं या क्रियापदापासून लिहायच्या टोकदार काडीचं नाव पडलं. ते नाव लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये गेलं. तिथल्या कोणा माळ्यानं कलम करायची डहाळी टोकाला तासली, ती हुबेहूब त्या लेखणीसारखी दिसली, म्हणून डहाळीला लेखणीचंच नाव मिळालं. तिथून ते इंग्रजीत आलं आणि पुढे क्रियापद झालं. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेलं कलमही तसंच, आधी बोरू आणि मग झाड. कोणी कोणाचं पाहून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. दोन्हीकडच्या लोकांनी काम करणाऱ्याच्या हातातली काडी नीट पाहिली, एवढंच. आमच्या सरांना तेवढंही जमलं नव्हतं. कारण तासलेली काडी लागते ती आंब्याच्या पाचर कलमाला. बाबांनी वर्गात केलं ते डोळा भरणं होतं, आणि त्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ माझ्या बापाला येत नव्हता म्हणून वर्ग हसला, तो शब्द त्या कामाला लावताना खुद्द सरांनाच फरक ठाऊक नव्हता. डोळा भरणं हा ग्राफ्टचाच एक प्रकार, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण मी मोठ्या मनाची नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं.

कोशात आणखी एक अर्थ सापडला. अमेरिकेत खुर्चीच्या जोरावर आयतं लाटण्यालाही ग्राफ्टच म्हणतात. हा अर्थ कुठून आला ते नक्की सांगता येत नाही, असं तिथे प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मला सांगता आलं असतं. सरांच्या अंगणातून.

सुडाची युक्ती मात्र कोशात नाही, बाबांच्या कामातच सापडली. संत्रेवाल्यांत एक मोठी नामुष्की असते. डोळ्याच्या खालून, खुंटातून, जंबेरीचे फुटवे येतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर संत्रं मागे पडतं आणि जंबेरी माजते. मग लोक म्हणतात, "याचं झाड खुंटावर गेलं." म्हणजे मालकाला काही येत नाही, नुसता बोलण्यात शूर. सरांच्या झाडावर लोकांना लटकलेल्या जंबेऱ्या दिसायला हव्या होत्या.

चार वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मी पर्समध्ये ओल्या रुमालात जंबेरीची काडी घेऊन गेले. ओळखीच्यांच्या कुंपणावरच्या जुन्या, फळ देणाऱ्या झाडाची होती. सोबत बाबांचा चाकू. भरदुपारी सगळे आत जेवत असताना मी झाडामागे, भिंतीकडच्या बाजूला गेले आणि छातीच्या उंचीच्या एका फांदीत जंबेरीचा डोळा भरला. पट्टी बांधली, चाकू पुसून पर्समध्ये टाकला. मग आत जाऊन सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातच्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तूप मागून.

पुढचं काम चिकाटीचं. तीन आठवड्यांनी तब्येतीची चौकशी म्हणून गेले. डोळा हिरवा होता. पट्टी सोडली, फांदीचा वरचा भाग छाटून टाकला. मग पुस्तक परत करायला गेले, मग दिवाळीच्या फराळाला. दर वेळी पाणी घालते म्हणून मागे जायचं आणि फुटवा पाहायचा. यवतमाळहून एसटीनं इतक्या खेपा मी सख्ख्या बहिणीकडेही घातल्या नाहीत. सर काकूंना म्हणाले, "एवढे विद्यार्थी शिकवले, पण आठवण ठेवली ती हिनंच." मी म्हटलं, "आठवण तर आहेच, सर." त्या वाक्याची चव मला बसभर पुरली.

यंदाच्या जानेवारीत मी गेले तेव्हा फांदीवर सहा जंबेऱ्या होत्या. पिवळ्या, गाठीगाठींच्या, मुठीएवढ्या. आठ-दहा माणसं जमली होती. मी सतरंजीवर मोक्याची जागा धरून बसले. कोणी तरी झाडामागे जाईल आणि बोंब मारील, याची वाट पाहत.

पण सर स्वतःच काठी टेकत उठले. "या, तुम्हाला एक गंमत दाखवतो," म्हणाले, आणि सगळ्यांना झाडामागे घेऊन गेले.

निवृत्त झालेले गणिताचे सर आमच्यातच होते. ते वाकून पाहायला लागले. "हे तं जंबेरी व्हय न बाप्पा? सर, झाड खुंटावर गेलं काय तुमचं?"

तीस वर्षं मी या वाक्यासाठी जगले होते म्हटलं तरी चालेल.

सर हसले. "अहो गणितवाले, खुंटाचा फुटवा खालून येतो. ही फांदी छातीच्या उंचीला आहे. इथे जंबेरी कोणी मुद्दाम बांधल्याशिवाय येईल का? एका झाडावर दोन फळं. प्रयोग आहे हा."

"कोणं केला?"

"आता इथे दुसरं कोण करणार?" सर म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चूक माझीच होती. लपवायच्या नादात मी डोळा वर भरला. खुंट कुठे संपतो हे बाबांच्या मुलीला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी चुकीचं दुःख कसलं, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. या माणसानं आधी माझ्या बापाचं झाड घेतलं आणि आता माझा सूडही स्वतःच्या नावावर केला. चोर तो चोर, वर शिरजोर.

"ती फांदी मी बांधली, सर," मी म्हटलं. "चार वर्षांपूर्वी. तुमची फजिती व्हावी म्हणून. आणि बाकीचं सगळं झाड माझ्या बाबांनी बांधलंय."

टाळ्या थांबल्या. मी पर्समधून चाकू काढून सरांपुढे धरला. "तुमच्या हातचं आहे ना? मग हातानं करून दाखवा. आत्ता. या सगळ्यांसमोर."

सरांनी चाकूकडे पाहिलं. काठी भिंतीला टेकवली. मला वाटलं, आता खोकला येईल, चक्कर येईल, काही तरी निमित्त निघेल. त्यांनी वाकून संत्र्याची एक कोवळी काडी तोडली, जंबेरीच्या त्याच फांदीवर छेद दिला, काडीवरचा एक डोळा अलगद काढला आणि ओठांत धरला. साल उचलेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मग आत सरकवला आणि प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी फाडून बांधायला लागले. सर उजव्या हाताचे. पट्टी मात्र उलटी गुंडाळत होते, डावखुऱ्या माणसाकडून शिकल्यासारखी.

"कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुझ्या वडिलांनी," सर पट्टीची गाठ मारत म्हणाले. "दोन हिवाळे येत होते ते. वर्गात तसं झालं, मग मला लाज वाटली. मीच त्यांना म्हटलं, मला शिकवा. माझ्या हातची पहिली तीन रोपं मेली. हे झाड त्यांचं आहे. तू खरं बोललीस."

"मंग इतके वर्षं बोलला काहून नाही सर?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"राहून गेलं," सर म्हणाले.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. झालं, मिटलं, असा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर आला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं असतं, पण त्या दोन शब्दांनी ते आटवलं. राहून गेलं! छत्री राहून जाते, बाजारातून मीठ आणायचं राहून जातं. दर वर्षी सतरंजी घालून माणसं जमवायची, दर वर्षी झाडाची कथा सांगायची, त्या कथेतून नेमका एक माणूस राहून जातो?

"मग आज घ्या त्यांचं नाव," मी म्हटलं. "हे झाड कोणाचं आहे, या सगळ्यांना नावानं सांगा."

"हे झाड..." सर म्हणाले, "हिच्या वडिलांचं आहे."

"नाव, सर."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना माहीत नव्हतं. "सगळे त्यांना कलमवालेच म्हणायचे गं," ते म्हणाले.

"त्यांना नाव होतं."

"सांगून टाक ना बाई," गणिताचे सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "कायले म्हाताऱ्या माणसाले असं उभं करतं?"

"त्यांना येतं ते," मी मोठ्यानं म्हटलं. "सर, नववी आणि दहावी, दोन वर्षं रोज सकाळी हजेरी तुम्हीच घेत होता. माझं पूर्ण नाव वाचत होता. लग्नाआधीचं. त्यात आहे."

सरांनी डोळे मिटले. हजेरीच्याच त्या चढ्या सुरात त्यांनी माझं नाव घेतलं. मग थांबले. मधलं नाव सोडून माझं माहेरचं आडनाव म्हणाले. मान हलवली आणि पुन्हा माझ्या नावापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबले. माणसं हातात सोललेली संत्री धरून उभी होती, कोणी खात नव्हतं. सरांनी तिसऱ्यांदा माझं नाव घेतलं. मी त्यांच्यासमोरच उभी होते, आणि मी सांगितलं नाही.